आधी अंधार, मग प्रोजेक्टर

घरातल्या थिएटरसाठी प्रोजेक्टर निवडताना खोलीचे माप, प्रकाशाचे आकडे आणि पडदा यांचा हिशेब कसा मांडावा?

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. त्या खेळाचा मूळ सरंजाम तीन गोष्टींचा होता: अंधारी खोली, पांढरा पडदा आणि प्रकाशाचा झोत टाकणारे यंत्र. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, फितीची जागा संगणकीय चित्राने घेतली, तरी या तीन गोष्टींचे परस्परांशी असलेले नाते तसूभरही बदललेले नाही. बदलला आहे तो ग्राहकाच्या विचाराचा क्रम. आज घरी थिएटर करू पाहणारा ग्राहक बहुधा यंत्रापासून सुरुवात करतो, पडद्याचा विचार नंतर करतो आणि अंधाराचा विचार यंत्र घरी आल्यावर.

ही हौस आता बंगलेवाल्यांपुरती उरलेली नाही. दोन-तीन खोल्यांच्या सदनिकांतूनही एखाद्या भिंतीवर शंभर इंची चित्र उमटू लागले आहे. प्रोजेक्टर, पडदा, ध्वनियंत्रणा आणि जोडणी असा सगळा खर्च धरला तर मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे. खोलीला न मानवणारे यंत्र घेतले, तर त्यात काहीही बिघाड नसताना ते माळ्यावर जाऊन पडते. हे टाळायचे तर पुढील हिशेब दुकानात जाण्यापूर्वी घरीच मांडावयास हवा.

पहिला प्रश्न: खोली अंधारी होते का?

दूरचित्रवाणी संच आणि प्रोजेक्टर यांत मूलभूत फरक आहे. संचाचा काच-पडदा मुळात काळसर असतो आणि तो स्वतः प्रकाश देतो. प्रोजेक्टरचा पडदा मात्र पांढरा असतो आणि यंत्र त्यावर केवळ प्रकाश टाकू शकते. काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे पडद्याचा तो भाग, जिथे यंत्राने शक्य तितका कमी प्रकाश टाकला आहे. त्यामुळे प्रोजेक्टर बंद असताना खोलीतल्या उजेडात पडदा जितका करडा दिसतो, त्याहून अधिक काळा रंग त्या खोलीत कोणतेही यंत्र दाखवू शकणार नाही. ही मर्यादा यंत्राच्या किमतीवर अवलंबून नाही.

साहजिकच पहिला खर्च पडद्यावर वा यंत्रावर नव्हे, तर खिडक्यांवर व्हायला हवा. प्रकाश पूर्ण अडवणारे, अस्तर लावलेले जाड पडदे आणि खिडकीच्या कडेच्या फटी झाकणारी पट्टी एवढ्याने बरेच काम होते. दुसरा शत्रू खोलीतच असतो. आपल्याकडे भिंती फिकट आणि छत पांढरेशुभ्र असते. पडद्यावरचा उजेड छतावर जातो आणि तिथून परतून पुन्हा पडद्यावर येतो. पडद्यालगतचे तीन-चार फूट छत आणि बाजूच्या भिंती चकाकी नसलेल्या गडद रंगात रंगवल्या, तर त्याच यंत्राचे चित्र लक्षणीय खुलते. रंगाचे दोन डबे अनेकदा यंत्राच्या वरच्या मॉडेलपेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

ज्या दिवाणखान्यात सकाळपासून बातम्या लागतात, पाहुण्यांची ये-जा असते आणि रात्रीच्या जेवणापर्यंत दिवे चालू असतात, तिथे प्रोजेक्टर हा मुख्य संच होऊ शकत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. अशा घरात मोठा दूरचित्रवाणी संच हेच शहाणपणाचे. प्रोजेक्टर शोभतो तो बंद करता येणाऱ्या खोलीत किंवा रात्रीच चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबात.

दहा बाय बाराच्या खोलीचे गणित

पडद्याचे माप कर्णात सांगितले जाते. १६:९ प्रमाणाच्या १०० इंची पडद्याची रुंदी सुमारे २.२१ मीटर आणि उंची सुमारे १.२५ मीटर भरते. १२० इंचीची रुंदी २.६६ मीटर आणि उंची १.४९ मीटर. या रुंदीवरून दोन अंतरे काढावी लागतात.

पहिले अंतर प्रेक्षकाचे. घरातल्या थिएटरमध्ये चित्राने डोळ्यासमोर साधारण ३० ते ४० अंशांचा कोन व्यापावा, असे मानले जाते. सोप्या हिशेबात, बसण्याची जागा पडद्याच्या रुंदीच्या सुमारे १.४ ते १.९ पट अंतरावर असावी. १०० इंची पडद्यासाठी हे अंतर ३.१ ते ४.२ मीटर येते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत दहा फुटी भिंतीवर पडदा लावला, तर मागच्या भिंतीलगतचा सोफा जवळपास ३ मीटरवर येतो. म्हणजे या खोलीला १०० इंची पडदा पुरेपूर झाला. १२० इंचीचा मोह इथे मान वळवून चित्र पाहायला लावील.

दुसरे अंतर यंत्राचे. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशिओ’ दिलेला असतो. लेन्सपासून पडद्यापर्यंतच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागले की हा आकडा मिळतो. रेशिओ १.२ असेल तर १०० इंची चित्रासाठी २.६५ मीटर अंतर लागते, १.५ असेल तर ३.३ मीटर. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. त्यातून यंत्राची खोली, मागच्या तारा आणि गरम हवेला वाट यांसाठीची जागा वजा केली, तर हाती सुमारे ३.२ मीटर उरतात. म्हणून या खोलीत १.४ पर्यंतचा रेशिओ चालेल, १.५ चे यंत्र कितीही नावाजलेले असले तरी १०० इंची चित्र देणार नाही. ज्या यंत्राला झूम आहे, त्याच्या रेशिओचे दोन आकडे दिलेले असतात. त्यांतील लहान आकडा पाहावा.

पडद्याच्या अगदी खाली ठेवायची ‘अल्ट्रा शॉर्ट थ्रो’ यंत्रे हा अलीकडचा पर्याय आहे. ०.२५ रेशिओच्या यंत्राला १०० इंची चित्रासाठी लेन्सपासून केवळ ५५ सेंटिमीटर अंतर पुरते. छताला भोक पाडावे लागत नाही आणि मध्ये कोणी उभे राहिले तरी सावली पडत नाही. मात्र त्यांचा झोत अतिशय तिरका असल्याने पडदा आरशासारखा सपाट असावा लागतो. भिंतीचा किंचित फुगवटाही चित्रात लाट होऊन दिसतो.

लुमेनचे गौडबंगाल

सर्वांत मोठी फसगत होते ती इथे. ऑनलाइन बाजारात काही हजार रुपयांच्या यंत्राच्या खोक्यावर ‘१२,००० लुमेन’ असे छापलेले आढळते, तर त्याच्या कितीतरी पट किमतीचे यंत्र २,५०० वर थांबते. यातला पहिला आकडा बहुधा यंत्रातल्या दिव्याचा, कधी निव्वळ कल्पनेचा असतो. लेन्समधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा नसतो.

प्रकाश मोजण्याची रीत १९९२ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने निश्चित केली. पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर प्रकाश मोजायचा आणि सरासरी काढायची, हे तिचे सूत्र. यालाच ‘अन्सी लुमेन’ म्हणतात. पुढे ‘आयएसओ २१११८’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. चीनमधील यंत्रांवर ‘सीव्हीआयए लुमेन’ हे मापही आढळते. या तिन्हींपैकी एकाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच तो आकडा तुलनेस घ्यावा. नुसते ‘लुमेन’, ‘एलईडी लुमेन’ वा ‘लक्स’ असे लिहिले असेल तर तो आकडा नाही असेच समजावे.

मग खरोखर लागतात किती? डिजिटल चित्रपटगृहात पडद्याच्या तेजस्वितेचे मानक १४ फूट-लॅम्बर्ट आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर याचा अर्थ, दर चौरस फुटाला १४ लुमेन. १०० इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट. म्हणजे अंधाऱ्या खोलीत ४२० लुमेन पुरले. पण रंग अचूक ठेवणाऱ्या ‘सिनेमा’ मोडमध्ये यंत्र आपला जाहीर प्रकाश पूर्ण देत नाही आणि वापराबरोबर दिवाही मंदावतो. या दोन्ही घटींसाठी तिप्पट धरले, तरी १,२०० ते १,३०० खरे लुमेन होतात. १२० इंची पडद्याच्या ४३ चौरस फुटांसाठी हाच हिशेब १,८०० च्या आसपास जातो. खोलीत थोडा उजेड राहणार असेल किंवा एचडीआर चित्रपट त्यांच्या पूर्ण झळाळीसह पाहायचे असतील, तर २,५०० वा अधिक घ्यावेत.

या गणिताचा मथितार्थ असा, की अंधार करता आला तर मध्यम प्रकाशाचे यंत्र पुरते आणि उरलेले पैसे चांगली लेन्स, रंग व काळेपणा यांवर खर्च करता येतात. अंधार नसेल, तर प्रत्येक जादा लुमेनची किंमत मोजावी लागते आणि तरीही काळा रंग करडाच राहतो.

‘सपोर्ट’ आणि ‘नेटिव्ह’ यांतील फरक

दुसरा फसवा शब्द म्हणजे ‘सपोर्ट’. ‘४के सपोर्ट’ म्हणजे यंत्र ४के चित्र स्वीकारते. दाखवते ते आपल्या अंगच्या, म्हणजे ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशनमध्येच. ८०० x ४८० बिंदूंच्या यंत्रात जेमतेम ३.८४ लाख बिंदू असतात, १२८० x ७२० मध्ये ९.२ लाख, फुल एचडीत २०.७ लाख आणि ३८४० x २१६० च्या ४के चित्रात सुमारे ८३ लाख. ४के चित्र ३.८४ लाख बिंदूंत कोंबले तर त्यातले तपशील हरवणारच. १०० इंची पडद्यासाठी नेटिव्ह फुल एचडी ही किमान पायरी मानावी.

४के यंत्रांतही दोन जाती आहेत. काहींच्या चिपवर खरोखर तेवढे बिंदू असतात. सोनी कंपनीने घरगुती वापरासाठीचा असा प्रोजेक्टर २०११ मध्ये सादर केला. बहुसंख्य यंत्रे मात्र कमी बिंदूंच्या चिपवरचे चित्र डोळ्याला न कळणाऱ्या वेगाने किंचित सरकवून ४के साधतात. फुल एचडी चिपचे चित्र चार जागी सरकवणारी यंत्रे या पद्धतीने ८३ लाख बिंदू दाखवतात, तर दोनच जागी सरकवणारी त्याच्या निम्मे. प्रेक्षकाच्या अंतरावरून चौपट सरकवणारी यंत्रे समाधानकारक वाटतात. पण आपण नेमके काय घेत आहोत हे ग्राहकाला ठाऊक असावे.

तीन तंत्रे, तीन स्वभाव

डीएलपी तंत्रात एका चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा कलतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही चिप शोधली. चित्र रेखीव, यंत्र आटोपशीर आणि धुळीपासून बऱ्यापैकी सुरक्षित. परंतु घरगुती यंत्रांत लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक टाकले जातात. त्यामुळे काही जणांना काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांच्या कडेला क्षणभर इंद्रधनुष्य दिसते. ज्याला ते दिसते त्याला ते छळते. म्हणून घरातील सर्वांनी ते यंत्र प्रत्यक्ष पाहूनच निर्णय घ्यावा.

तीन एलसीडी पॅनेलच्या यंत्रांत तिन्ही रंग एकाच वेळी पडतात; इंद्रधनुष्याचा प्रश्न नाही आणि रंग प्रसन्न दिसतात. मात्र हवेची वाट बहुधा उघडी असल्याने जाळी नियमित स्वच्छ करावी लागते, अन्यथा धुळीचे ठिपके चित्रात दिसू लागतात. याच नावाखाली एकाच एलसीडी पॅनेलची स्वस्त यंत्रेही विकली जातात. त्यांचा वर्ग अगदी निराळा.

तिसरे तंत्र एलकॉस. सोनी त्याला एसएक्सआरडी आणि जेव्हीसी डी-आयएलए म्हणते. काळा रंग सर्वांत गहिरा इथेच मिळतो; किंमतही सर्वांत अधिक. पांढऱ्या भिंतींच्या, अर्धवट उजेडाच्या खोलीत हे यंत्र लावणे म्हणजे त्या पैशांवर पाणी सोडणेच.

‘२०,००,०००:१’ अशा कॉन्ट्रास्टच्या आकड्यांवरही विसंबू नये. ते बहुधा दिवा मंद-प्रखर करून वेगवेगळ्या क्षणी मोजलेले असतात. एकाच दृश्यात किती फरक दिसतो हे सांगणारा ‘नेटिव्ह’ आकडा विचारावा.

दिवा की लेझर?

जुन्या पद्धतीच्या पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य साधारण ३,००० ते ५,००० तास. रोज तीन तास वापर झाला तर ४,००० तास साडेतीन वर्षांत संपतात आणि नवा दिवा घ्यावा लागतो. खरेदीच्या वेळी या दिव्याची किंमत आणि उपलब्धता विचारून ठेवावी. लेझरचे आयुष्य बहुधा २०,००० तास सांगितले जाते. तेवढ्या काळानंतर प्रकाश निम्मा होतो, असा त्याचा अर्थ. त्याच वापराने ही मुदत अठरा वर्षांची होते. मात्र लेझर मंदावल्यावर दिव्यासारखा सहज बदलता येत नाही. तीन रंगांच्या लेझरमध्ये रंग अत्यंत समृद्ध मिळतात. पण काही पडद्यांवर बारीक वाळूसारखी चमचम दिसते. घरात लहान मुले असतील, तर लेन्समध्ये डोळा लावू नये याची ताकीद आणि यंत्राची जागा दोन्ही नीट ठरवावीत.

पडदा हा निम्मा प्रोजेक्टर

भिंतीवर चित्र पाहण्यात गैर काही नाही, परंतु आपल्याकडील प्लास्टर क्वचितच सपाट असते. अंधाऱ्या खोलीसाठी १.० गेनचा साधा पांढरा, चकाकी नसलेला पडदा उत्तम. चौकटीत ताणलेला पडदा सपाट राहतो. गुंडाळता येणाऱ्या स्वस्त पडद्याला कालांतराने लाटा पडतात. खोलीतला आडवा-तिडवा उजेड टाळणारे करडे पडदे उजेडाच्या खोलीत उपयोगी पडतात. पण अल्ट्रा शॉर्ट थ्रो यंत्रांसाठीचा पडदा वेगळा असतो. तो केवळ खालून येणारा झोत परतवतो. छताच्या प्रोजेक्टरसाठी तोच पडदा घेतला, तर चित्र अंधारते.

बसवताना

यंत्र शक्यतो पडद्याच्या मध्यरेषेवर असावे. तिरके ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ करता येते, पण त्यात चिपचे काही बिंदू वाया जातात आणि कडा बोथट होतात. लेन्स वर-खाली सरकवण्याची सोय असलेल्या यंत्रात हे नुकसान होत नाही. टांगण्याचा स्टँड स्लॅबलाच पक्का करावा. पीओपीच्या खोट्या छताला वजन देऊ नये. एचडीएमआय केबलसाठी रुंद पाइप टाकावा, म्हणजे पुढे केबल बदलता येईल. सोफ्याच्या डोक्यावर यंत्र येणार असेल, तर पंख्याचा आवाज किती डेसिबल, हेही पाहावे.

वीजपुरवठा बेभरवशाचा असेल तर छोटा यूपीएस लावावा. दिव्याचे यंत्र तापलेले असताना अचानक बंद पडले, तर थंड करणारा पंखाही थांबतो आणि दिव्याचे आयुष्य घटते. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरू शकते. पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने पिशवीत बांधून ठेवू नये, अधूनमधून चालवावे.

खरेदीच्या वेळी

- खिडक्या झाकून रात्री आणि दुपारी खोलीत किती उजेड राहतो ते आधी पाहावे.
- पडद्याची रुंदी, बसण्याचे अंतर आणि थ्रो रेशिओ कागदावर लिहून न्यावे.
- लुमेन अन्सी, आयएसओ की सीव्हीआयए, आणि रिझोल्यूशन नेटिव्ह किती, हे लेखी विचारावे.
- प्रात्यक्षिक अंधारात आणि ‘सिनेमा’ मोडवर मागावे. रात्रीचे दृश्य, चेहऱ्याचे रंग, चारही कोपऱ्यांतील अक्षरे आणि क्रिकेटच्या चेंडूची गती पाहावी.
- यंत्रातच ओटीटी ॲप असल्याचा दावा असेल, तर ती अधिकृत आहेत का आणि एचडीत चालतात का, ते तपासावे.
- बिलावर मॉडेल क्रमांक घ्यावा. यंत्राची आणि दिव्याची हमी बहुधा वेगवेगळी असते, ती वाचावी.
- वापरलेले यंत्र घेताना मेन्यूतील दिव्याचे तास पाहावेत.

खोक्यावरील दावा खोटा निघाला, तर ग्राहक हतबल नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते आणि ग्राहक जिथे राहतो वा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार नेता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यासाठी विक्रेत्याच्या जाहिरातीची प्रत आणि बिल जपून ठेवावे.

प्रोजेक्टरची तंत्रे यापुढेही बदलत राहतील. दिवे जातील, नवे लेझर येतील. खोलीचे माप आणि खिडकीतून येणारा उजेड मात्र तोच राहणार आहे. म्हणून टेप आणि पडद्याचे कापड हाती घेऊन केलेली सुरुवात ही प्रोजेक्टरच्या खरेदीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ गुंतवणूक होय.